कॉलरचा फरमा

"पोट याआधी कधी उघडलं होतं?" सर्जनबाईंनी विचारलं, आणि खोलीतले सगळे एकदम सावरून बसले.

धाकटीला, म्हणजे दादांच्या भावजयीला, पुढचं सगळं पाठ होतं. दादांना कोणी नुसतं 'कसं काय' विचारलं तरी उत्तर फिरून फिरून पोटावरच्या त्या वणापाशी यायचं, आणि इथं तर खुद्द डॉक्टरनं त्या वणाचीच चौकशी केली होती. दादांनी पाठीमागची उशी उंच करून घेतली. थोरलीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चेहऱ्यावर कौतुक चढवलं. चिरंजीवांनी मोबाइल खिशात घातला, जे त्यांनी बापाचा स्कॅन चालू असतानाही केलं नव्हतं.

"उघडलं नव्हतं," दादा म्हणाले. "फाडलं होतं."

मग तेरा तारीख आली. दर वर्षी तेरा तारखेला शिलाईच्या दुकानात कारागिरांना काम थांबवून ऐकावी लागायची ती हकीकत, आता हॉस्पिटलच्या खाटेवरून. जागेच्या मालकानं दुकान रिकामं करायला गुंड पाठवले. दादा, वय एकतीस, दारात उभे राहिले. सुरा पोटात घेतला, पण उंबरा सोडला नाही. धाकटी लग्न होऊन या घरात आली तेव्हा गुंड चार होते. आता सात झाले होते. सुऱ्याचीही तब्येत वर्षागणिक सुधारत गेली होती आणि गेल्या वर्षी तो तलवारीच्या जवळपास पोचला होता.

सर्जनबाई चाळिशीच्या, बारीक चणीच्या, केस घट्ट बांधलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि कागदावर एक अक्षर लिहिलं नाही.

"हत्यार आत गेलं कुठून?"

"समोरून!" दादा गरजले. "समोरून, डॉक्टरबाई. मागून नाही."

"ते नाही विचारलं. पोटाच्या कुठल्या भागात? आत काय कापलं गेलं होतं? आतडं? यकृत? काय काय शिवलं?"

इथं हकीकत अडखळली. चौतीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. दादांनी थोरलीकडं पाहिलं, थोरलीनं खिडकीकडं पाहिलं.

"आतलं काही नाही," दादा म्हणाले. "वरच्यावरच. कातडी शिवली नि झालं. आमचं पोट पोलादी."

"जुने कागद?"

"ते हॉस्पिटल कधीच बंद पडलं. आता तिथं फरशांचं दुकान आहे," चिरंजीवांनी माहिती पुरवली. एवढं एकच वाक्य दिवसभरात ते खरं बोलले असावेत.

सर्जनबाईंनी खुर्ची ओढली आणि लहान मुलांना समजावतात तसं समजावलं. उजव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक छोटीशी ग्रंथी असते. दादांच्या त्या ग्रंथीत चार सेंटिमीटरची गाठ आहे. ही गाठ मनात येईल तेव्हा रक्तात एक रसायन सोडते. मग छाती धडधडते, घामाच्या धारा लागतात, डोकं फुटायला होतं, माणूस पांढराफटक पडतो आणि ब्लडप्रेशर आभाळाला भिडतं.

"म्हणजे यांचा संताप..." थोरली म्हणाली.

"संताप नाही. गाठ."

धाकटीनं मान खाली घातली, कारण हसू आवरत नव्हतं. अकरा वर्षं हे घर त्या गाठीला मुजरा करत होतं. दादांना घाम फुटला की गल्ल्यापासून शिलाई मशीनपर्यंत सगळे चिडीचूप व्हायचे. 'दादा तापलेत.' 'दादांचं तेज आहे ते.' कारागीर नोकऱ्या सोडून गेले, एका जावयानं येणं सोडलं, आणि या सगळ्यामागं होती एक लिंबाएवढी गाठ.

"ती काढायला दोन वाटा आहेत," सर्जनबाई म्हणाल्या. "दोन्ही छिद्रातून. मोठं कापायचं नाही. एक पोटातून, कुशीवर झोपवून. मी बहुधा तिथूनच जाते. पण आधी पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल तर आतडी, चरबीचा पडदा, यकृत, सगळं एकमेकांना चिकटून बसलेलं असू शकतं. ते स्कॅनमध्ये नीट दिसत नाही. मग ते सोडवत सोडवत गाठीपर्यंत जायचं. तेवढा वेळ गाठीला धक्के बसणार आणि प्रत्येक धक्क्याला प्रेशर उडणार. ते धोक्याचं आहे. माणूस टेबलावर जाऊ शकतो."

"आणि दुसरी वाट?" धाकटीनं विचारलं. खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडं वळून पाहिलं. कोपऱ्यात बसून काजं करणाऱ्या बाईनं तोंड उघडायचा रिवाज नव्हता.

"पाठीकडून. पालथं झोपवून, शेवटच्या फासळीखाली तीन छिद्रं. पोटाच्या पोकळीशी संबंधच येत नाही. यांच्या पोटाचा घेर बघता पालथं झोपवणं अवघड आहे, जागाही कमी मिळते. पण उजव्या बाजूला वरती जुनं ऑपरेशन असेल, तर मी पाठीकडूनच जाईन."

"अजिबात नाही!" दादा उसळले. कपाळावर घाम चमकला. "डॉक्टरबाई, आम्ही आयुष्यात कोणाला पाठ दाखवली नाही. उद्या बाजारात लोक विचारतील, वण कुठाय, तर सदरा मागून वर करू? पळून जाताना बसलेल्या वारासारखा? जे काय करायचं ते समोरून करा."

"बाबांचं बरोबर आहे," चिरंजीवांनी री ओढली. "शेवटी प्रतिमा असते एकेकाची."

सर्जनबाईंनी चिरंजीवांकडं असं पाहिलं की धाकटीला त्या बाईबद्दल माया वाटली.

"मला प्रतिमेचं ऑपरेशन करायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "आत हात लागलेला नसेल, तर पोटातून जाते. लागला असेल, तर पाठीतून. ऑपरेशन परवाच्या यादीत आहे. उद्या सकाळी दहाला मी परत येईन, तेव्हा मला एक खरं वाक्य हवंय. नुसतं एक."

त्या गेल्या. दादांचं प्रेशर घेतलं तर ते दोनशे दहा निघालं.

---

बाहेरच्या व्हरांड्यात लोखंडी बाकं होती. धाकटी तिथं येऊन बसली आणि पिशवीतून अर्धवट राहिलेला सदरा काढला. भारी सदऱ्यांची काजं अजूनही हातानं व्हायची, आणि दुकानात ती करणारा एकच हात उरला होता. तिची लेक शेजारी बसली. तिशीची होती, आईसारखीच कोपऱ्यात, बटणं लावायला बसवलेली. पण बोटं बापाची होती. जुनी वर्तमानपत्रं घेऊन ती घरी लपून कोट बेतायची आणि मग फाडून टाकायची.

"आई, मोठे काका खोटं बोलतायत."

"हळू."

"वार झाला तर भोक कुठाय? मी मघाशी नीट बघितलं. छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत सरळ रेघ. एका दमात कापलेली, एका हातानं शिवलेली. फाटलेलं कापड असं शिवता येतं का? कडा जुळतच नाहीत कधी."

धाकटीनं सुई थांबवली. बत्तीस वर्षांत हे आपल्या तोंडून बाहेर पडेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि आता लेकीनं नुसत्या नजरेनं ते उसवून समोर ठेवलं होतं.

"अल्सर फुटला होता त्यांचा," ती म्हणाली. "अकरा तारखेला. तेराला गुंड आले, तेव्हा हे शूरवीर हॉस्पिटलात नाकात नळी घालून पडले होते."

"मग दारात कोण होतं?"

धाकटीनं डाव्या हाताची दोन बोटं मुडपून दाखवली. लेकीला उत्तर कळलं. तिची नजर स्वतःच्याच डाव्या हातावर गेली, जणू तिथली दोन बोटं अजून आहेत की नाही ते बघत होती.

घरात सांगितलं जायचं ते असं: धाकट्यानं निष्काळजीपणानं कटिंग मशीनमध्ये हात घातला, दोन बोटं गेली. एवढा गुणी कटर, पण लक्ष नाही. म्हणून त्याला कटिंगच्या टेबलावरून उठवून काजांवर बसवलं. त्याची मोठी कात्री दादांच्या तसबिरीखाली खिळ्याला लटकली, आणि दादांनी कायदा केला की ही कात्री परत धाकट्याच्या घरातल्या कोणाच्या हातात जाणार नाही. हात कापून घेणारं घर ते. लेकीनं दोनदा मागितली, दोन्ही वेळा हेच ऐकून परत आली.

"बाबा बोलले का नाहीत?"

"तुझ्या आजोबांनी ठरवलं. थोरल्याचं नाव बाजारात चालायचं, त्याच्या नावाचा धाक बसला पाहिजे म्हणाले. अल्सर फुटलेल्या माणसाला कोण भिणार? आणि तुझे बाबा..." धाकटीचा आवाज कोरडा झाला. "तुझे बाबा म्हणाले, 'जाऊ दे, दादाला बरं वाटतंय ना.' मरेपर्यंत तेच म्हणत होते. जाऊ दे, जाऊ दे."

तिला त्या क्षणी मेलेल्या नवऱ्याचा जिवंत माणसासारखा राग आला. चांगुलपणाच्या नावाखाली त्यानं स्वतःची बोटं, स्वतःचं टेबल आणि लेकीचं नशीब भावाच्या पायाशी नेऊन ठेवलं होतं, वर हसून.

"मग सांगायला पाहिजे डॉक्टरांना," लेक म्हणाली.

"सांगायलाच पाहिजे असं काही नाही."

हे तिच्या तोंडून इतक्या सहज निघालं की ती स्वतःच दचकली. गप्प बसायला काही करावं लागत नाही, आणि या घरात गप्प बसण्याचा तिच्याएवढा सराव कोणाला नव्हता. दादांनी स्वतः म्हटलं होतं, समोरून करा. मग करू द्या. कोणी बोट दाखवलं नसतं. तो विचार तिला केवढा गोड वाटला, याचीच तिला शिसारी आली.

तेवढ्यात थोरली बाहेर आली. इकडंतिकडं बघून शेजारच्या बाकावर टेकली. गेली कित्येक वर्षं या दोघी जावा कामापुरतं बोलत होत्या.

"धाकटे," थोरली दबक्या आवाजात म्हणाली, "तुला माहितीये ना सगळं?"

"काय सगळं, वहिनी?"

"उगाच वेड पांघरू नकोस. माझ्या डोळ्यांसमोर लोळत होते ते. पोट लाकडासारखं झालं होतं." तिचे डोळे भरून आले. "तू सांग डॉक्टरांना."

"मी? नवरा तुमचा आहे."

"मी सांगितलं तर ते मला जन्मात माफ करणार नाहीत. मुलगाही तोंड बघणार नाही. तुझं काय, तुझ्यावर तसेही सगळे डाफरतातच."

धाकटीनं दोरा ओढून घट्ट केला. या घराचं कौतुक करावं तेवढं थोडंच. सत्यसुद्धा नोकराकरवी पाठवायचं, म्हणजे आपले हात स्वच्छ राहतात.

"म्हणजे नवरा तुमचा वाचणार, आणि शिव्या मी खायच्या."

"तुझ्या पाया पडते."

"पाया नका पडू, उंची कमी होईल." धाकटी उठली. "सांगते. पण नुसत्या माझ्या शब्दाला इथं काय किंमत आहे ते मला ठाऊक आहे. उद्या दहाला तुम्ही खोलीत असायचं, आणि मला खोटं पाडायचं नाही. एवढंच."

मग ती लेकीकडं वळली. "दुकानात जा. भिंतीवरचे फरमे काढून आण. ते जुने, निळसर काळे. कॉलर, कफ आणि खिशाची झाप. तिन्ही."

---

सासरे काटकसरी होते, आणि काटकसर हेच त्या घराचं खरं दैवत होतं. थोरल्याला हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा सोबत मोठ्या पाकिटात त्याच्या पोटाची एक्स-रे फिल्म आली होती. पुरावा लपवायचा असेल तर जाळून टाकावा, एवढं त्यांनाही कळत होतं. पण चिवट, न फाटणारी, न वाकणारी, फुकट मिळालेली वस्तू जाळायची त्यांची छाती होईना. कापड बेतायचे पुठ्ठ्याचे फरमे वर्षात झिजतात, कडा भोंगळ होतात. मग त्यांनी ती फिल्म कटिंगच्या टेबलावर पसरली आणि स्वतःच्या हातानं तिच्यातून कॉलर, कफ आणि खिशाची झाप कापली. त्यानंतर चौतीस वर्षं गावातल्या प्रतिष्ठितांच्या मानेभोवती दादांच्या फासळ्यांच्या मापाची कॉलर बसत आली, आणि ते माप घेताना फिल्मवर काय दिसतंय हे दुकानात कोणीही पाहिलं नाही. फक्त धाकटीच्या नवऱ्यानं एकदा ती कॉलर खिडकीच्या उजेडात धरून तिला दाखवली होती. 'बघ, दादा,' असं म्हणून तो हसला होता.

सकाळी दहाला सर्जनबाई आल्या. दादा आज दाढी करून, केस विंचरून तयार होते.

"हं. माझं वाक्य?"

"समोरून वार, आतलं काही नाही," दादा म्हणाले. "लिहून घ्या."

"खोटं आहे," धाकटी म्हणाली.

चिरंजीव प्रथम भानावर आले. "काकू, तुम्हाला काही कळतं का? घरात सगळं मिळतंय तर निदान..."

"तू गप्प," लेक म्हणाली, आणि तिनं पिशवीतून तीन तुकडे काढून सर्जनबाईंच्या हातात दिले. "हे बघता का?"

सर्जनबाईंनी ते उलटसुलट करून पाहिले. कडांना खडूचा थर होता, टाचण्यांची भोकं होती. "हे काय आहे?"

"आमचे फरमे," धाकटी म्हणाली. "पण त्याआधी ते यांचं पोट होतं."

भिंतीवर फिल्म बघायची पांढऱ्या उजेडाची पेटी होती. सर्जनबाईंनी ती लावली. लेकीनं तुकडे जुळवले, कोट जुळवावा तसे, कडेला कड लावून. कॉलर वर, कफ खाली, झाप कोपऱ्यात. मधे मधे रिकाम्या जागा राहिल्या, पण हळूहळू फासळ्या दिसू लागल्या. मग मणका, मग पोट. सर्जनबाई पुढं झुकल्या, आणि कॉलरच्या टोकाशी बोट ठेवलं.

"ही कोर दिसतेय? काळी, नखाएवढी. उजव्या बाजूला, यकृताच्या वर. ही हवा आहे. जठराला नाहीतर आतड्याला भोक पडल्याशिवाय तिथं हवा येत नाही."

"सुरा लागला म्हणजे भोक पडणारच की!" दादांनी झडप घातली. आवाज मात्र चिरका निघाला. "तेच तर सांगतोय मी कालपासून!"

"काल तुम्ही सांगत होता की आत काही झालं नाही."

"झापेवर बघा," धाकटी म्हणाली. "कोपऱ्यात."

कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत दादांचं नाव होतं. वय एकतीस. तारीख अकरा.

ते चिरंजीवांनी मोठ्यानं वाचलं, आणि वाचून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय वाचलं. "अकरा?" ते म्हणाले. "बाबा, अकरा कशी? वार तर तेराला..."

दादांचा चेहरा पांढरा पडला. घाम गालांवरून वाहू लागला. नर्स पुढं धावली, पण दादांनी तिचा हात झटकला आणि थोरलीकडं बोट केलं.

"सांग यांना! तू होतीस ना तिथं! सांग, तेरा तारीख!"

थोरली उभीच होती. तिनं धाकटीकडं पाहिलं, मग उजेडातल्या त्या तुकड्यांकडं. धाकटीची खात्री होती की ती आता पलटणार. चाळीस वर्षांचा सराव होता तिला.

"अकरालाच नेलं होतं तुम्हाला," थोरली म्हणाली. "सकाळी. मीच रिक्षा आणली. अल्सर फुटलाय म्हणाले डॉक्टर." आणि मग तिचा आवाज चढला, असा की तो तिचा वाटेना. "मला विधवा करून तुम्हाला शूर व्हायचंय का? आं? माझ्या जिवावर?"

दादांनी डोळे मिटले.

"फुटलेल्या अल्सरच्या भोकावर आतल्या चरबीच्या पडद्याचं ठिगळ लावतात," सर्जनबाई शांतपणे म्हणाल्या. "यकृताच्या खाली. म्हणजे माझ्या वाटेवरच. आत घाणही पसरलेली असणार, म्हणजे सगळं घट्ट चिकटलेलं. मी पोटातून गेले असते तर काय झालं असतं, ते मला आत्ता बोलायचं नाही."

'ठिगळ' म्हटल्यावर तिथल्या सगळ्या शिंपी माणसांना एकदम नीट समजलं. ठिगळाशी उसवाउसवी करायला गेलं की मूळ कापड जातं, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं.

"पण नुसतं यांनी सांगून चालणार नाही," सर्जनबाईंनी कागद पुढं ओढला. "रुग्णाच्या तोंडून हवं. आधीचं ऑपरेशन कशासाठी?"

धाकटीला अजूनही वाटत होतं की हा माणूस मरेल, पण बोलणार नाही. शेवटी त्यांनी भिंतीकडं तोंड करून उत्तर दिलं.

"अल्सर फुटला होता."

"सुऱ्याचा वार?"

"मला नाही."

"मग मला नको." सर्जनबाईंनी लिहून कागद पुढं केला. "पाठीकडून. इथं सही."

दादांनी सही केली. फिल्मचे तुकडे लेकीनं पेटीवरून काढून पुसले आणि पिशवीत घातले. "दुपारी आठ कॉलर कापायच्यात," ती म्हणाली, आणि हे तिनं कोणाला विचारलं नव्हतं.

---

ऑपरेशन दोन तासांत आटोपलं. प्रेशर दोनदा उडालं, दोन्ही वेळा आवरलं. गाठ बशीत ठेवून सर्जनबाईंनी बाहेर आणून दाखवली. अकरा वर्षं घराला थरथर कापवणारं ते तेज पिवळट, लिबलिबीत आणि फारच किरकोळ होतं. चिरंजीवांनी तिचा फोटो काढला. का काढला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

इकडं सगळे हॉस्पिटलात बसलेले असताना धाकटीनं दुकानात जाऊन खिळ्यावरची कात्री काढली आणि लेकीच्या हातात दिली. विचारायला कोणी जागेवर नव्हतं, आणि असतं तरी तिनं विचारलं नसतं. लेकीनं कात्री दोनदा हवेतच चालवून पाहिली. मग ती टेबलापाशी उभी राहिली, बाप उभा राहायचा तशीच, डावा खांदा जरा खाली टाकून. धाकटीला रडू आलं. बऱ्याच वर्षांनी ते रागाचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नर्सनं दादांच्या पाठीवरची पट्टी बदलली तेव्हा धाकटीनं वाकून पाहिलं. तीन छिद्रं, प्रत्येक पाऊण इंचाच्या आतलं. काजं म्हणून तिनं पास केली असती.

दादा विलक्षण शांत झाले होते. घाम नाही, ओरडणं नाही. चहा गार आला तरी प्यायले. घाबरून थोरलीनं दोनदा नाडी बघितली.

दुपारी बाजारातले दोघे भेटायला आले, बटणवाला आणि अस्तरवाला. दोघे दादांचे जुने श्रोते.

"दादा, पुन्हा वार झेललात म्हणे!" बटणवाला दारातूनच म्हणाला.

"हूं का चूं केलं नाही बाबांनी," चिरंजीव म्हणाले. भूल दिलेल्या माणसानं ओरडायला हवं होतं अशी त्यांची समजूत असावी.

"दाखवा की, जुना आणि नवा शेजारी शेजारी!"

दादांचा हात सवयीनं सदऱ्याच्या टोकाकडं गेला. सदरा वीतभर वर झाला, आणि हात थांबला. कोपऱ्यात धाकटी काज करत होती. तिनं मान वर केली नव्हती. सुई तेवढी थांबली होती.

"तो वार नाही," दादा म्हणाले. "अल्सर फुटला होता माझा. तेरा तारखेला मी असाच पडलो होतो. दुकानाच्या दारात धाकटा उभा राहिला. त्याची बोटं मशीननं नाही गेली. सुऱ्यानं गेली. मी आयुष्यभर खोटं सांगितलं."

धाकटीच्या डोळ्यांपुढं काज धूसर झालं. सहा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं नाव या घरात पहिल्यांदाच कोणीतरी बरोबर जागी ठेवलं होतं.

मग चिरंजीव हळूच पाहुण्यांकडं झुकले. "भूल अजून पुरती उतरलेली नाही."

"असं होतं," बटणवाल्यानं समजूतदारपणे मान हलवली. "माझे सासरे आठ दिवस भलतंसलतं बरळत होते."

"पण मन बघा," अस्तरवाला गहिवरून म्हणाला. "शुद्ध नाही, तरी मेलेल्या भावाला मोठेपणा देतायत. अशी माणसं आता राहिली नाहीत, दादा." त्यानं वाकून दादांच्या पायांना हात लावला.

पाहुणे जाईपर्यंत दादा छताकडं बघत राहिले. त्यांना पोचवायला थोरली आणि चिरंजीव बाहेर गेले, आणि लिफ्टपाशी चिरंजीवांच्या आवाजात सात गुंडांचे आठ झालेले धाकटीला ऐकू आले.

"धाकटे," दादा म्हणाले. "ऐकलंस ना? सांगितलं मी."

"ऐकलं."

"कोणी विश्वासच ठेवला नाही."

धाकटीनं दोरा दातानं तोडला.

"पहिल्या दिवशी कसे ठेवतील? त्या वाराच्या गोष्टीलाही चौतीस वर्षं लागली होती, दादा. तुम्ही आता पासष्टचे. नव्व्याण्णवचे होईपर्यंत रोज सांगत राहा. त्यासाठीच तर वाचवलंय तुम्हाला."